डुक्कर नको, मग मूल चालेल का?

"माणसाच्या पेशी डुकरात वाढवतात" अशी बातमी दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरते. सोबत माणसाचं तोंड आणि डुकराचं धड असलेलं एक बनावट चित्र. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या: शी, कलियुग, निसर्गाशी खेळ, हे शास्त्रज्ञ एक दिवस सगळ्यांना बुडवणार. एखादा म्हणतो, आमच्या नगरसेवकावर हा प्रयोग आधीच यशस्वी झालाय. हसून सगळे पुढे जातात आणि मूळ विषय राहूनच जातो.

पोस्ट लांब होणार आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना वेळ मिळेल. स्टेम सेलचे, म्हणजे मूलपेशींचे उपचार माणसापर्यंत नीट आणायचे असतील तर जनुकं बदललेली डुकरं वापरावी लागणार आणि ती वापरावीत, असं माझं मत आहे. ती वापरली नाहीत म्हणून प्रयोग काही थांबत नाही. तो थेट आपल्या पोरांवर होतो. होतोच आहे, आणि त्याचे पैसेही आपणच भरतोय.

आधी थोडं शास्त्र. मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही सवय जात नाही.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. यकृताची पेशी यकृताचंच काम करणार. मूलपेशीचं तसं नसतं. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि तिच्यापासून वेगवेगळ्या कामाच्या पेशीही होऊ शकतात. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्त बनवतात, म्हणून रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियात बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात. हा उपचार जुना आहे आणि खरा आहे. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिला मागे नेलं, जवळपास गर्भातल्या पेशीच्या अवस्थेला. २००७ मध्ये तेच माणसाच्या पेशींबाबत जमलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या हाताच्या त्वचेतून उद्या तुमच्याच हृदयाच्या, डोळ्याच्या, मेंदूच्या पेशी बनवता येतील. प्रयोगशाळेत आज त्या बनतातच.

पण जी पेशी काहीही होऊ शकते आणि वाढत राहू शकते, ती नको तिथे नको तेही होऊ शकते. अशा पेशी पूर्ण तयार न होता शरीरात गेल्या तर टेराटोमा नावाची गाठ होते. त्या गाठीत केस, कूर्चा, कधी दातसुद्धा सापडतात. म्हणून कुठलीही स्टेम सेल माणसात घालण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं लागतात. ती पेशी जिथे सोडली तिथेच राहते का? ठरलेलं काम करते का? आणि वर्षा-दोन वर्षांनी तिची गाठ तर होत नाही ना?

हे प्रश्न आजवर मुख्यतः उंदराला विचारले गेले. प्रतिकारशक्ती नसलेला उंदीर घ्यायचा, त्यात माणसाच्या पेशी सोडायच्या आणि वाट बघायची. उंदीर स्वस्त, छोटा, भराभर वाढणारा. पण त्याचं वजन वीस-तीस ग्रॅम आणि आयुष्य दोन-तीन वर्षं. त्याचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर ठोके देतं, आपलं सत्तरच्या आसपास. माणसाच्या हृदयाच्या पेशी उंदराच्या हृदयात बसवून त्या आपल्या तालात चालतील की नाही हे बघणं म्हणजे बैलगाडीचं चाक शिलाई मशीनला लावून तपासण्यासारखं आहे. माणसाला द्यायची मात्रासुद्धा उंदराच्या शरीरात मावत नाही.

इथे डुक्कर येतं. त्याच्या हृदयाचा आकार, डोळा, त्वचा, स्वादुपिंड आणि पचनसंस्था आपल्या बरीच जवळची. डुकराच्या इन्सुलिनमध्ये आणि आपल्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, म्हणून तर कित्येक दशकं मधुमेही माणसं त्यावर जगली. ज्या घरात डुकराचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडतात, त्या घरातल्या आजोबांनी ते इन्सुलिन घेतलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. आजही अँजिओप्लास्टीत आणि डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे हेपारिन देतात, त्यातलं बहुतेक डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. हृदयाच्या झडपासुद्धा डुकराच्या बसवतात. आयसीयूच्या दारात उभं असताना हा विटाळ कुणी विचारत नाही. आणि गावात डुकरं पाळणाऱ्या माणसांना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी 'डुक्कर म्हणजे घाण' हा मुद्दा मला सांगू नये.

आता अडचण अशी की साध्या डुकरात माणसाच्या पेशी घातल्या तर त्याची प्रतिकारशक्ती त्या मारून टाकते. ती दाबायला औषधं द्यावीत तर ती औषधंच सगळा निकाल गढूळ करतात. मग प्रतिकारशक्तीच नसलेलं डुक्कर हवं.

ते दोन वाटांनी मिळालं. एक वाट योगायोगाची. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठात, कमी खाऊन जास्त वाढणारी डुकरं निवडून पिढ्या वाढवण्याचं काम चालू होतं. शुद्ध शेतीचा विषय. त्यातली काही पिल्लं कॅन्ससमध्ये एका विषाणूच्या अभ्यासासाठी दिली, तर त्यातली मोजकी पिल्लं फारच लवकर मेली. कुणी "अशक्त असतील" म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी उघडून बघितलं, तर पिल्लांना संसर्गाशी लढणाऱ्या पेशीच जवळपास नव्हत्या. पुढे कळलं की आर्टेमिस नावाच्या जनुकात बिघाड आहे. दुसरी वाट मुद्दाम केलेली. जपानमध्ये २०१२ साली जनुक बदलून अशी डुकरं तयार केली गेली. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातल्या गटाने आरएजी-२ हे जनुक बंद केलेली डुकरं तयार केली आणि २०१४ मध्ये दाखवून दिलं की यामानाका पद्धतीच्या मानवी पेशी त्यांच्या शरीरात टिकतात, वाढतात आणि टेराटोमाही करतात. गाठ झाली ही यात चांगली बातमी होती, हे लक्षात घ्या. धोका असेल तर तो या डुकरात दिसतो, लपत नाही, हे त्यातून सिद्ध झालं.

हा आजार माणसाच्या बाळांनाही होतो. ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ साली जन्मला तो थेट निर्जंतुक प्लास्टिकच्या फुग्यात, आणि बारा वर्षं तिथेच वाढला. १९८४ मध्ये तो गेला. या पिल्लांचंही तसंच. सिझेरियन करून काढायची, गाळलेल्या हवेत ठेवायची, खाणंपिणं निर्जंतुक. नाहीतर काही आठवड्यांत साध्या जंतूंनी मरतात. हे वर्णन मी गोड करून सांगणार नाही. डुक्कर हुशार प्राणी आहे, कळपात राहणारा, माती उकरणारा. त्याला फुग्यात ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. जो माणूस "हा अन्याय आहे, थांबवा" म्हणतो त्याच्याशी मी वाद घालीन, पण त्याला हसणार नाही.

वाद असा घालीन.

रशियात उपचार घेतलेल्या एका इस्रायली मुलाची गोष्ट २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याला चालण्या-बोलण्यावर परिणाम करणारा एक आनुवंशिक आजार होता. आईवडिलांनी त्याला मॉस्कोला नेलं. तिथे त्याच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्याच्या द्रवात गर्भातल्या चेतापेशींच्या मूलपेशी सोडल्या, एकदा नव्हे तर अनेकदा. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी सापडल्या. तपासलं तर त्या गाठीच्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच, दात्यांच्या होत्या.

२०१७ मध्ये अमेरिकेतून दुसरी हकिकत आली. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्कर बायकांच्या पोटाची चरबी काढून, त्यातून काढलेल्या 'स्टेम सेल' त्यांच्या डोळ्यांत टोचल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत सहसा आधी एक डोळा करतात आणि मग दुसरा, हे आपल्या तालुक्याच्या मोतीबिंदू शिबिरातल्या नर्सलाही माहीत असतं. तिघींची दृष्टी जवळपास गेली. आणि हा 'उपचार' पैसे घेऊन केला होता.

याच्या उलट एक उदाहरण. जपानच्या मासायो ताकाहाशी यांनी २०१४ मध्ये यामानाका पद्धतीच्या पेशींपासून बनवलेला डोळ्याच्या पडद्याचा थर जगात प्रथम एका बाईच्या डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाचा थर तयार होता, पण बसवण्याआधी तपासणीत त्या पेशींच्या जनुकांत बदल सापडले. थर बसवला नाही. प्रयोग थांबवला. गर्दीचं शास्त्र आणि जबाबदार शास्त्र यांतला फरक मला त्या न झालेल्या शस्त्रक्रियेत दिसतो.

आता घरचं बघू.

मुंबई, पुणे, नाशिक, कुठल्याही शहरात जा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मस्क्युलर डिस्ट्रॉफी असलेल्या मुलांच्या पालकांना स्टेम सेलच्या जाहिराती बरोबर शोधत येतात. सेमिनार होतात, एखादं सुधारलेलं मूल स्टेजवर आणतात, कोपऱ्यात ईएमआयवाला बसलेला असतो. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने दीड एकर विकून मुलाच्या पाठीच्या कण्यात तीन वेळा इंजेक्शनं घेतली. त्याच्या वडिलांना मी विचारलं, आधी कशावर तपासलंय हे, काही सांगितलं का त्यांनी? ते म्हणाले, "सर, आपलीच पेशी आपल्याला देतात, त्यात काय तपासायचं? करून बघायला काय जातं?" त्या माणसाला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पोरगं समोर बसलेलं असताना 'करून बघायला काय जातं' हेच कुठल्याही बापाच्या तोंडून येणार. पण ते वाक्य त्याच्या तोंडात कुणीतरी घातलेलं होतं.

नियम नाहीत असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांत मान्य असलेला अस्थिमज्जेचा उपचार सोडला, तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर हा मंजूर चाचणीतच व्हायला हवा, बाहेर केला तर तो गैरप्रकार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही असं सांगितलं. कागद नीट आहे. पाटी मात्र रस्त्यावर तशीच आहे.

यातली विसंगती बघा. आपल्या देशात डुकरासारख्या मोठ्या प्राण्यावर प्रयोग करायचा तर संस्थेची नैतिक समिती लागते, तिच्या वर केंद्र सरकारच्या समितीची मंजुरी लागते. किती प्राणी, का, वेदना कशी कमी करणार, शेवट कसा करणार, सगळं लिहून द्यावं लागतं. डुकराची नोंदवही असते. ते मेलं तर शवविच्छेदन होतं, प्रत्येक अवयव कापून बघतात की पेशी कुठे गेल्या. त्या दीड एकरवाल्या मुलाची नोंदवही कुठे आहे? तिसऱ्या इंजेक्शननंतर त्याला कुणी फोनसुद्धा केला नाही. त्याच्यात बरं झालं की वाईट झालं, यातून पुढच्या मुलाला उपयोगी पडेल अशी एक ओळ कुठे लिहिली गेलेली नाही. प्रयोग तर झाला, ज्ञान शून्य.

म्हणून मी म्हणतो की डुक्कर वापरा. मुलाला जे द्यायचं तेच, तेवढ्याच मात्रेत, तशाच सुईने, माणसाएवढ्या शरीरात आधी घालून महिनोन्‌महिने बघा.

"चिपवर करा ना, प्राणी कशाला?" हा प्रश्न येणार. रास्त आहे. पेशींच्या छोट्या चिपवर किंवा संगणकावर औषध तपासण्याची तंत्रं वाढली आहेत. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायद्यात बदल करून अशा पद्धतींना जागा दिली. आपल्याकडेही २०२३ मध्ये चाचण्यांच्या नियमांत तशी दुरुस्ती झाली. गोळी यकृताला विषारी आहे का, हे चिपवर कळत असेल तर एकही प्राणी मारू नये. पण स्टेम सेल ही गोळी नाही, ती जिवंत आहे. टोचल्यावर ती रक्तातून फुप्फुसात जाते की मूत्रपिंडात, तिथे रुजते का, दीड वर्षाने काय होते, हे सांगायला धडधडणारं अख्खं शरीर लागतं. चिपला दीड वर्षाचं म्हातारपण नसतं.

दुसरी भीती त्या बनावट चित्रातली: अर्धा माणूस, अर्धं डुक्कर. इथे दोन वेगळ्या गोष्टींचा काला होतो. वर सांगितलेल्या डुकरात मानवी पेशी जन्मानंतर घालतात. ते डुक्करच राहतं, जसं डुकराची झडप बसवलेला माणूस माणूसच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे डुकराच्या अगदी सुरुवातीच्या भ्रूणातच मानवी मूलपेशी मिसळणं, म्हणजे मिश्रजीव. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेने २०१७ मध्ये ते करून पाहिलं. मानवी पेशींचं प्रमाण लाखात एकापेक्षाही कमी भरलं. २०२३ मध्ये चीनच्या ग्वांगझूमधल्या गटाने पुढची मजल मारली. डुकराच्या भ्रूणात मूत्रपिंड बनवणारी दोन जनुकं बंद केली आणि रिकाम्या झालेल्या जागी मानवी पेशी घातल्या. १८२० भ्रूण १३ डुकरिणींमध्ये सोडले, तपासण्यासाठी शेवटी पाच काढले. अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या त्या भ्रूणांतलं सुरुवातीच्या अवस्थेतलं मूत्रपिंड निम्म्याहून अधिक मानवी पेशींचं होतं. आणि थोड्या, अगदी थोड्या मानवी पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूतही पोचलेल्या आढळल्या.

इथे मात्र मी थांबा म्हणणाऱ्यांच्या बाजूला आहे. प्रमाण थोडं असलं तरी मेंदूत आणि प्रजननपेशींत माणूस शिरता कामा नये, आणि असं पिल्लू जन्माला घालू नये. ही रेघ शास्त्रज्ञांच्या सदसद्‌विवेकावर न सोडता कायद्यात हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्येच अशा प्रयोगांचा पैसा रोखला होता, जपानने २०१९ मध्ये नियम सैल केले. जगाचंच अजून ठरत नाहीये. आपण निदान चर्चा तरी चित्र फॉरवर्ड करण्याच्या वर न्यावी.

आणि घाई काय करते याचं उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. १९९७ च्या जानेवारीत गुवाहाटीजवळ डॉ. धनीराम बरुआ यांनी एका बत्तीस वर्षांच्या माणसाला डुकराचं हृदय बसवलं. तो आठवडाभर जगला. डॉक्टरांना अटक झाली. अधूनमधून त्यांना 'काळाच्या पुढचा उपेक्षित शास्त्रज्ञ' ठरवणाऱ्या पोस्ट येतात, विशेषतः २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला डुकराचं हृदय बसवल्यापासून. मेरीलँडच्या त्या डुकराची दहा जनुकं बदललेली होती, त्याआधी वर्षानुवर्षं प्राण्यांवर काम झालं होतं, औषध प्रशासनाची परवानगी होती. तरीही तो रुग्ण दोन महिनेच जगला आणि त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपून आलेला सापडला. एवढी तयारी असूनही विषाणू निसटतो, तर तयारीशिवाय काय होणार! बरुआंचं धाडस मोठं असेल, पण त्या बत्तीस वर्षांच्या माणसाला डुकराच्या जागी उभं केलं गेलं, हे मला विसरता येत नाही.

काही काम आपल्या हातातलं आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. मुंबई, नागपूर, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गुवाहाटीला तर फक्त डुकरांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. पेशीवाले आणि डुकरंवाले एका टेबलाशी बसवायला नवीन इमारत लागत नाही, नारळही फोडावा लागत नाही. असा एक सरकारी कळप असावा, त्याच्या निकालांची वही सगळ्यांसाठी खुली असावी, आणि ज्या क्लिनिकला मुलांच्या कण्यात सुई घालायची आहे त्याला आधी त्या वहीतलं पान दाखवायला लावावं. नाही दाखवलं तर कुलूप.

स्टेम सेल सगळी फसवणूक आहे, असा याचा अर्थ काढू नका. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप वन मधुमेहाच्या बारा रुग्णांना स्टेम सेलपासून बनवलेल्या इन्सुलिनच्या पेशी पूर्ण मात्रेत दिल्या. वर्षाने त्यातल्या दहा जणांचं इन्सुलिनचं इंजेक्शन सुटलेलं होतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात. दिवस चांगले येतायत, म्हणूनच मधल्या काळात पोरं वाचवायची आहेत.

ज्यांच्या घरात आत्ता हा निर्णय चालू आहे त्यांच्यासाठी. क्लिनिकला विचारा की हे आधी कुठल्या मोठ्या प्राण्यात तपासलं, किती महिने पाहिलं, किती प्राण्यांना गाठी झाल्या. चाचणी आहे म्हणाले तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीचं पत्र मागा. नुसत्या क्रमांकावर जाऊ नका, फ्लोरिडाच्या त्या क्लिनिकचीही सरकारी यादीत नोंद होती. पैसे मागितले तर उठून या, कारण आयसीएमआरच्या नियमाप्रमाणे चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. आणि मिळालेलं पत्रक घेऊन जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत एकदा दाखवा. रांग मोठी असते, केसपेपर काही रुपयांत निघतो.